चार तळहातांएवढी जागा

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी 'अमेरिकेतलं आयटी क्षेत्र आणि आजचा विद्यार्थी' असा विषय सुचवला होता. त्यावर माझ्याहून चांगलं बोलणारे आपल्याच बॅचमध्ये निदान दहा-बारा जण आहेत आणि त्यातले निम्मे आत्ता समोर बसलेत. म्हणून मी म्हटलं, मी टायरवर बोलते. पलीकडे थोडी शांतता झाली. मग "टायर म्हणजे गाडीचे ना?" असा प्रश्न आला. हो, गाडीचेच. वीस मिनिटं मिळाली आहेत. बाईंनी मागच्या बाकावरून हात केला तर लगेच थांबते.

मी मिशिगनमध्ये राहते आणि गेली सात वर्षं उन्हाळ्यातले बरेच रविवार ऑटोक्रॉस नावाच्या खेळात घालवते. आपल्याकडे हा शब्द ऐकला की मातीत धुरळा उडवत जाणाऱ्या गाड्या डोळ्यांसमोर येतात. अमेरिकेतला प्रकार वेगळा आहे. एखादं भलंमोठं रिकामं पार्किंग नाहीतर वापरात नसलेली धावपट्टी घ्यायची, तिच्यावर नारिंगी प्लास्टिकचे शंकू मांडून नागमोडी रस्ता आखायचा, आणि एकेका गाडीने तो कमीत कमी वेळात पार करायचा. एक फेरी साधारण मिनिटाभराची. घड्याळ सेकंदाचा हजारावा भाग मोजतं. शंकू पडला किंवा त्याच्याभोवती आखलेल्या चौकोनाबाहेर गेला की दोन सेकंदांचा दंड. दिवसभरात चार-पाच फेऱ्या मिळतात आणि उरलेल्या वेळात दुसऱ्यांनी उडवलेले शंकू धावत जाऊन उभे करायचे असतात, कारण तिथे प्रत्येक स्पर्धक हा स्वयंसेवकही असतो. सकाळी सगळेजण तो रस्ता पायी चालून पाठ करतात. वेग फार नसतो, बहुतेक फेरी दुसऱ्या गिअरमध्येच होते. खेळाचे नियम स्पोर्ट्‌स कार क्लब ऑफ अमेरिका ही १९४४ साली स्थापन झालेली संस्था करते. तिची राष्ट्रीय स्पर्धा नेब्रास्कातल्या लिंकनला भरते. तिथवर माझी मजल नाही, मी आपली तालुका पातळीवरची खेळाडू.

गाडी आहे माझदा मियाटा, २०१६ सालची. दोनच सीट, ताकद मागच्या चाकांना, दोन लिटरचं १५५ हॉर्सपॉवरचं इंजिन आणि वजन १,०६० किलोच्या आसपास. या वर्षी तिला नवे टायर घ्यायचे होते. एरवी हा माझा आवडता उद्योग, पण यंदा निवड अवघड झाली, कारण माझी मुलगी सोळा वर्षांची झाली. तिला परवाना मिळाला, मी पालक म्हणून फॉर्मवर सही केली, आणि येत्या हंगामात ती माझ्याच गाडीने भाग घेणार आहे. म्हणजे त्याच चार टायरांवर एका दिवशी दोन चालक. शिवाय गाडी घसरते म्हणजे नेमकं काय होतं, हे ती जन्मात पहिल्यांदा शिकणार ते याच टायरांवर. आमच्याकडे नोव्हेंबर ते मार्च रस्त्यावर बर्फ असतो आणि त्याच रस्त्याने ती शाळेत जाणार. तेव्हा टायर कोणते घ्यायचे, हा प्रश्न या वेळी बक्षिसाच्या पेल्यापुरता राहिला नव्हता.

आता नववीच्या प्रयोगशाळेत चला. लाकडी ठोकळा, ताणकाटा आणि टेबल. ठोकळा रुंद बाजूवर ओढा नाहीतर अरुंद बाजूवर, काट्यावरचा आकडा तोच. घर्षण वजनावर अवलंबून असतं, स्पर्शाच्या क्षेत्रफळावर नाही, असं आपण वहीत लिहिलं आणि त्याला दोन गुण मिळाले. मग लोक रुंद टायरांना एवढे पैसे का मोजतात? हा प्रश्न मला पहिल्या हंगामात पडला होता आणि त्याचं उत्तर शोधताना मला या खेळाची खरी गोडी लागली.

आधी एक सोपा हिशेब करू. गाडी आणि मी मिळून साधारण १,१२० किलो. प्रत्येक चाकावर २८० किलो. टायरमध्ये ३० पीएसआय हवा म्हणजे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे २.१ किलोचा दाब. २८० भागिले २.१ केलं की १३३ चौरस सेंटीमीटर येतात. साडेअकरा सेंटीमीटर लांब, तेवढाच रुंद चौकोन. आपला तळहात पसरला तर साधारण एवढाच भरतो. टायरची भिंत थोडं वजन पेलते, त्यामुळे हा आकडा ढोबळ आहे, पण कल्पना यायला पुरे. एक टनाहून जड गाडी, आत बसलेलं आपलं माणूस, आणि जमिनीशी संबंध फक्त चार तळहातांएवढा. इंजिनची ताकद, ब्रेकचा जोर, स्टिअरिंगचं वळण, सगळं तेवढ्या जागेतूनच जमिनीपर्यंत पोचतं. ब्रेक चाक थांबवतो, गाडी मात्र टायर थांबवतो.

या हिशेबातून आणखी एक गंमत निघते. हवेचा दाब तोच ठेवून रुंद टायर लावला तर तळहाताचं क्षेत्रफळ फारसं वाढत नाही, आकार बदलतो. आधी लांबट असलेला ठसा आखूड आणि आडवा होतो, आणि वळणावर असा आडवा ठसा जास्त चांगलं काम करतो. रुंद टायरमध्ये हवा थोडी कमी ठेवता येते, तो उष्णता जास्त रबरात वाटून घेतो, म्हणून रबरही मऊ वापरता येतं. ठोकळ्याचा नियम इथे मोडतो तो रबराच्या स्वभावामुळे. लाकूड टेबलावर घसरतं. रबर डांबराच्या खड्याखड्यात दबून बसतं आणि त्याला चिकटतंही. त्याच्यावर वजन दुप्पट केलं तर पकड दुप्पट होत नाही, जरा कमीच वाढते.

ही 'जरा कमी'ची गोष्ट सगळ्या अपग्रेडच्या मुळाशी आहे. समजा सरळ उभ्या गाडीत समोरच्या दोन चाकांवर प्रत्येकी २८० किलो आहेत आणि घर्षणांक १ आहे. एकूण पकड ५६०. वळणावर वजन बाहेरच्या चाकाकडे सरकलं, बाहेर ४२० आणि आत १४० झालं. बाहेरच्याचा घर्षणांक उतरून ०.९५ झाला, आतल्याचा चढून १.०५. गुणाकार करून बेरीज करा, ३९९ अधिक १४७ म्हणजे ५४६. हे घर्षणांक मी समजावण्यापुरते घेतलेत, पण दिशा खरी आहे. वजन जितकं एका बाजूला जाईल तितकी त्या जोडीची एकूण पकड घटते. किती वजन सरकणार, हे गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, दोन चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. कुठलाही दुकानातला सुटा भाग लावून ते फारसं बदलत नाही. आपल्या हातात एवढंच असतं की सरकणारं वजन पुढच्या जोडीने किती सोसायचं आणि मागच्या जोडीने किती.

हे समजलं की अपग्रेडच्या कॅटलॉगकडे बघायची नजरच बदलते. मैदानावर नवी मंडळी येतात तेव्हा त्यांचा पहिला खर्च बहुधा सायलेन्सरवर झालेला असतो. आपल्याकडे बुलेटचं जे होतं, तेच तिथे. आवाज वाढला की वेग वाढल्यासारखा वाटतो. दुसरा खर्च हवेच्या फिल्टरवर. दोन्ही नियमात बसतात आणि वळणावर दोन्हींचा उपयोग शून्याच्या जवळ. ज्या फेरीत तुम्ही निम्म्याहून जास्त वेळ वळत किंवा ब्रेक मारत असता, तिथे आठ-दहा हॉर्सपॉवर मिळवून काय करणार?

नियमांचंही सांगायला हवं, नाहीतर 'मग सगळंच बदलून टाका की' असं कोणी म्हणेल. कुस्तीत जसे वजनगट, तसे इथे गाडीच्या बदलांचे गट. मी ज्या 'स्ट्रीट' गटात खेळते तिथे शॉक अ‍ॅब्सॉर्बर, पुढचा किंवा मागचा एक अँटी-रोल बार, ब्रेकचे पॅड, एक्झॉस्टचा मागचा भाग असं मोजकंच बदलता येतं. चाकाच्या रिमची रुंदी मूळ गाडीएवढीच ठेवावी लागते. स्प्रिंगा बदलल्या की तुम्ही थेट वरच्या गटात जाता आणि तिथे गाडी मुळापासून तयार करून आणलेले पैलवान उभे असतात. म्हणून प्रत्येक सुट्या भागाची खरी किंमत पावतीवर नसते, तो तुम्हाला कोणाच्या समोर उभं करतो यात असते.

माझा स्वतःचा क्रम असा आहे. पहिला पैसा टायरला. दुसरा व्हील अलाइनमेंटला. अलाइनमेंट हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित काम. वळणावर गाडी कलंडली की बाहेरचा टायर कडेवर उभा राहतो आणि त्या तळहाताची बोटंच जमिनीला लागतात. चाकांचा वरचा भाग आधीच थोडा आत झुकवून ठेवला की वळणात तो टायर सपाट बसतो. त्यानंतर पुढचा जाड अँटी-रोल बार. गणिताने बघितलं तर तो पुढच्या चाकांची पकड कमी करतो. पण गाडी कमी कलंडते म्हणून टायर नीट उभे राहतात, आणि मागच्या जोडीवरचा भार हलका झाल्याने आतलं मागचं चाक वळणातून बाहेर पडताना फुकट फिरत नाही. माझ्या गाडीला तो मानवला. दुसऱ्या गाडीला मानवेलच असं नाही. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाड्यांची मंडळी बहुधा मागचा बार निवडतात. शॉक अ‍ॅब्सॉर्बर सगळ्यात शेवटी, कारण ते महाग असतात आणि त्यांच्या बटणांशी खेळायचं तर आधी स्वतःची फेरी एकसारखी यायला हवी. ज्याच्या पाच फेऱ्यांत दोन सेकंदांचा फरक आहे, त्याला शॉकने वाचवलेलं दोन दशांश सेकंद दिसणार कुठून?

एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा आमच्या धंद्यातला नियम इथेही चालतो. फरक एवढाच की सॉफ्टवेअरमध्ये तीच परिस्थिती पुन्हा उभी करता येते. मैदानावर दर रविवारी रस्ता वेगळा, ऊन वेगळं. म्हणून मी माझ्या वेळेची तुलना आधीच्या रविवारच्या वेळेशी करत नाही. माझ्या गटात नेहमी येणाऱ्या चौघांशी करते. त्यांच्यापासूनचं माझं अंतर कमी झालं तर बदल कामाला आला.

आता टायर. टायरच्या भिंतीवर 'ट्रेडवेअर' नावाचा आकडा कोरलेला असतो. हा अमेरिकी सरकारच्या नियमातून आलेला आहे. टेक्सासमधल्या सॅन अँजेलोजवळ ४०० मैलांचा ठरलेला मार्ग आहे, त्यावर गाड्यांचा ताफा ७,२०० मैल पळवतात आणि नवा टायर संदर्भाच्या टायरच्या तुलनेत किती झिजला ते बघतात. संदर्भाचा आकडा १००. तुमच्या टायरवर ४०० असेल तर तो चौपट टिकावा, असा अर्थ. चाचणी सरकारी पद्धतीची असली तरी शेवटी आकडा छापते ती कंपनीच. आमच्या गटाचा नियम असा की २०० च्या खालचा टायर चालणार नाही. लोकांनी रोजच्या वापराच्या टायरांवर यावं, हा त्यामागचा हेतू. झालं असं की बाजारात बरोबर २०० छापलेले, पण मनापासून पकडीसाठी घडवलेले टायर आले. नियमात आकडा लिहिला की लोक आकडा गाठतात, हे इथल्या आयटीवाल्यांना वेगळं सांगायला नको. त्यामुळे २०० हा आकडा टायर स्पर्धेला चालेल की नाही एवढंच सांगतो. कसा चालेल ते सांगत नाही. दोन टायरांवर तोच २०० असून स्वभाव पूर्ण निराळे असू शकतात.

मैदानावर दोन नावं सतत कानावर येतात. एक योकोहामाचा ए०५२. तो पहिल्याच वळणाला पकडतो, गरम व्हायची वाट बघत नाही. एका चालकाने मधे पुरेसा वेळ ठेवून फेऱ्या मारायच्या असतील तर फार थोडे टायर त्याच्या पुढे जातात. पण सारख्या फेऱ्या झाल्या की तापतो, मग लोक झाडांवर फवारणी करायचा पंप घेऊन टायरांवर पाणी मारत बसतात. दुसरा हॅन्कूकचा आरएस४. तो लांब पल्ल्याच्या शर्यतींत चालणारा, सावकाश तापणारा, उष्णता सोसणारा आणि जास्त टिकणारा. पहिल्या फेरीत तो थंड असतो आणि घड्याळावर मागे राहतो.

एकटी असते तर मी पहिल्याच्या बाजूला झुकले असते. दोघींचं गणित वेगळं निघालं. तिच्या पाच आणि माझ्या पाच, दहा फेऱ्या आणि मधे जेमतेम सीट मागेपुढे करण्याएवढा वेळ. लवकर तापणारा टायर मला सकाळी एक आणि दुपारी दुसरीच गाडी देणार. माझं ठीक आहे, मी जुळवून घेईन. शिकणाऱ्याला मात्र दहाव्या फेरीतला टायर पहिल्यासारखाच वागायला हवा, नाहीतर आपण चुकलो की टायर बदलला हे तिला कळणारच नाही. दुसरं म्हणजे फार पकडणारा टायर बऱ्याच चुका पोटात घालतो. वळणात जास्त वेगाने शिरलात तरी तो ओढून नेतो, आणि मग एकदम सोडतो. मला असा टायर हवा होता जो आधी कुरकुरेल, मग ओरडेल आणि मग घसरेल. तिला ते तिन्ही आवाज ओळखता आले पाहिजेत. पार्किंगमध्ये, शंकूंच्या मधोमध, जिथे घसरण्याची किंमत फक्त दोन सेकंद आहे.

म्हणून आरएस४ घेतले. माझ्या वेळेत काही दशांश सेकंद जातील, चौघांपैकी दोघे तरी पुढे निघतील. त्यांनी आत्ताच चिडवायला सुरुवात केली आहे.

रुंदीचा वाद त्यानंतर उरला. मूळ टायर २०५/४५ आर १७. मुलीचं म्हणणं २२५ घेऊ या, रुंद तेवढा चांगला. मी तिच्यासमोर वही ठेवली. ४५ म्हणजे टायरच्या भिंतीची उंची ही रुंदीच्या ४५ टक्के. २०५ चा बाहेरचा व्यास ६१६ मिलिमीटर येतो, २२५ चा ६३४. जवळजवळ तीन टक्के जास्त. म्हणजे गाडी उंच झाली आणि प्रत्येक गिअर तीन टक्के सुस्त झाला. शिवाय रिम सात इंचीच ठेवायची असल्याने रुंद टायर तिच्यावर फुगून बसतो आणि स्टिअरिंग फिरवल्यावर भिंत आधी लचकते, मग गाडी वळते. पकडीचा फायदा बहुतेक वेळा या तोट्यांना पुरून उरतो, म्हणून जिंकायला निघालेले लोक रुंदच घेतात आणि त्यांचं बरोबर आहे. आम्ही मूळ मापाच्या जवळ राहिलो. वाद संपला असं मात्र मी म्हणणार नाही, ती माझीच मुलगी आहे.

टायर घेतल्यावर पुढचं सगळं हवेचं काम. साधारण साडेपाच अंश सेल्सियस तापमान वाढलं की एक पीएसआय वाढतो. मिशिगनमध्ये मे महिन्यातली सकाळ १० अंशांची आणि दुपार २६ ची असू शकते, म्हणजे काही न करताच तीन पीएसआयचा फरक. म्हणून प्रत्येक फेरीनंतर दाब मोजायचा. हवा कमी आहे की जास्त हे बघायला आम्ही खडू वापरतो, हो, फळ्यावरचाच. टायरच्या कडेवर आडवी रेघ मारायची, फेरी मारून यायची आणि रेघ कुठपर्यंत पुसली ते बघायचं. कडेवर छोटा त्रिकोण कोरलेला असतो, पुसलेला भाग साधारण तिथपर्यंत यायला हवा. त्याच्या खाली गेला तर टायर लोळतोय, हवा वाढवा. रेघ तशीच राहिली तर हवा जास्त. शाळेत असताना सायकलचा टायर अंगठ्याने दाबून 'चालेल' म्हणायचो, त्यापेक्षा ही पद्धत बरी.

हिवाळ्यात हे टायर गाडीवर ठेवता येत नाहीत. गोठणबिंदूच्या आसपास त्यांचं रबर कडक होतं, बर्फावर ते निरुपयोगी, आणि फार थंडीत वाकले तर चिरतात. म्हणून ते काढून तळघरात ठेवतो, उन्हापासून दूर, पिशव्यांत गुंडाळून. आई आली होती तेव्हा तिने विचारलं, लोणच्याच्या बरण्या ठेवायच्या जागी हे काय जपून ठेवलंस?

तुमच्यापैकी कोणी उद्या ऑटोक्रॉसला जाणार नाही हे मला माहीत आहे. पण नागपूरचे दोघे समृद्धी महामार्गाने आलेत, आणि त्या रस्त्यावर टायर फुटून झालेल्या अपघातांच्या बातम्या आपण सगळ्यांनी वाचल्यात. हवा कमी असलेला टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त लचकतो, लचकला की तापतो, आणि तासन्‌तास एकाच वेगाने पळताना ती उष्णता त्याला सोडत नाही. तेव्हा तीन गोष्टी वाचायला शिका. भिंतीवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. ३२१९ म्हणजे २०१९ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झालेला. नक्षी शाबूत दिसली तरी रबराचं वय होतच असतं, आणि दुकानदार 'नवा' म्हणून देतो तो कधीकधी दुकानातच म्हातारा झालेला असतो. दुसरं, मापाच्या शेवटी ८४ डब्ल्यूसारखं काहीतरी असतं. ८४ म्हणजे एक टायर ५०० किलो पेलेल, डब्ल्यू म्हणजे ताशी २७० किलोमीटरपर्यंत. तुमच्या मोठ्या गाडीत सात माणसं आणि वर सामान बांधता तेव्हा हा पहिला आकडा बघा. तिसरं, खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्यांच्या बरोबरीला आली की १.६ मिलिमीटर उरले, म्हणजे कायद्याने टायर संपला. पावसाळ्यात घाट उतरणाऱ्यांनी तोवर थांबूही नये.

बाईंनी हात केला आहे. मधे चहाची सुट्टी आहे, गाड्या बाहेर पटांगणात लागल्यात. माझ्या पर्समध्ये प्रेशर गेज आहे. ज्यांना आपल्या टायरचं वय वाचून हवं असेल त्यांनी बॅडमिंटन कोर्टाच्या बाजूला या. मारुती, ह्युंदाई, ट्रॅक्टर, काहीही चालेल. खडू मात्र शाळेने द्यावा.